दोरीने धान्याची रास मोजणारे भास्कराचार्य



आपल्या नामपूरच्या शिवारात खळ्यावर बाजरीची रास पडली की तिच्यात किती पोती माल निघेल, हे जाणता माणूस नजरेनेच सांगतो आणि आपण मान डोलावतो. परंतु राशीला हात न लावता, नुसत्या एका दोरीने हा अंदाज तपासता येतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ही रीत ज्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली, त्या भास्कराचार्यांची ओळख येथे करून देत आहे. गणित हे आपल्या मुलांचे काम नव्हे, असे म्हणून मुलाला लवकर कामाला लावणाऱ्या व मुलीला घरी बसविणाऱ्या पालकांनी तर ती अवश्य वाचावी.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते नेमके कोणते, यावर मतभेद आहेत. तथापि मालेगावच्या पुढे, चाळीसगावजवळचे पाटण हेच ते, असे अनेक अभ्यासक मानतात. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. यातील काही उदाहरणे लीलावती नावाच्या मुलीला उद्देशून घातलेली आहेत, हे मुलींच्या पालकांनी ध्यानात घ्यावे.

या पुस्तकात विहिरीची माती आहे, विटांचा ढीग आहे, करवतीने कापलेले लाकूड आहे. एक वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद व ३ उंच. ढीग ८ हात लांब, ५ रुंद व ३ उंच. तर विटा किती? २४ अंगुळांचा हात धरून करून पाहा. २५६० विटा व २४ थर येतील.

आता रास. ढिगाऱ्यात काठी खुपसून उंची घेणे अवघड, म्हणून आचार्य दोरीने घेर मोजावयास सांगतात. ठोकळ धान्य असेल तर घेराचा दहावा भाग ही उंची, बारीक असेल तर अकरावा, कुसळाचे असेल तर नववा. जाड दाणा नि कुसळ एकमेकांना अडकून रास उंच राहते, बारीक दाणा घसरून पसरतो. मग घेराचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा व उंचीने गुणावे. समजा, बाजरीच्या राशीचा घेर ३३ फूट आहे. उंची ३ फूट. सहावा भाग साडेपाच, त्याचा वर्ग सव्वातीस, आणि घनफळ पावणेएक्क्याण्णव घनफूट. एका पोत्यात किती घनफूट मावते, ते एकदा मोजून भागले की झाले. रास भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर दिसणाऱ्या घेराची चौपट करून हिशेब करावा व उत्तराचा चौथा हिस्सा घ्यावा.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या रीतीत परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. शाळेतील शंकूच्या सूत्राने हेच उत्तर सुमारे ८६.७ घनफूट येते. आचार्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. वर्तुळासाठी ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म प्रमाण त्यांनीच याच पुस्तकात दिले आहे. खळ्यावर सोपा हिशेब हवा, एवढाच हेतू असावा.

आचार्यांच्या पश्चात त्यांचा नातू चांगदेव याने पाटण येथे त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापन केला. १२०७ सालच्या त्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पुढे अकबर बादशहाच्या आज्ञेने अबुल फजलचा भाऊ फैजी याने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. लीलावती ही आचार्यांची कन्या, तिचा विवाहमुहूर्त टळला, ही प्रसिद्ध कथा फैजीच्याच प्रस्तावनेतली. मूळ ग्रंथात ती नाही. शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, आचार्यांच्या ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर अताउल्लाह रशीदी याने केले. ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर वास्तुकार म्हणून अताउल्लाह हेच नाव कोरलेले आहे.