डॉ. आनंदीबाई जोशी

१८८७ सालच्या फेब्रुवारी महिन्याची २६ तारीख. त्या दिवशी पुण्यात एका तरुण स्त्रीने क्षयरोगाच्या दुखण्याने प्राण सोडला. तिला बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. वर्षभरापूर्वीच तिने अमेरिकेत वैद्यकाची पदवी संपादन केली होती. दुसऱ्यांच्या व्याधी दूर करण्याची विद्या जिने जिवापाड कष्टांनी मिळविली, तिलाच एका व्याधीने गाठावे, हा दैवदुर्विलास होय. ही स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या एका जमीनदार जोशी घराण्यात झाला. त्या काळी मुलींनी शिकावे, असे कोणास वाटत नसे. मुलीचे लग्न लवकर करून द्यावे आणि तिने चूल व मूल सांभाळावे, एवढीच समाजाची अपेक्षा असे. यमुनेचे लग्नही नवव्या वर्षी झाले. वर गोपाळराव जोशी हे बिजवर असून वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. ते स्वभावाने हट्टी, तऱ्हेवाईक व तापट होते. परंतु बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह लोकविलक्षण होता. इतर घरांत बायको स्वयंपाक सोडून पुस्तक हाती घेते म्हणून नवरा रागावे. या घरात ती पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रेंगाळते म्हणून नवऱ्याचा पारा चढे. आनंदीबाईंना या शिकवणीचा जाच पुष्कळ सोसावा लागला. तथापि हळूहळू त्यांना वाचनाची गोडी लागली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा बदलीच्या गावी राहत असताना त्यांनी मराठीबरोबर इंग्रजीचाही अभ्यास केला. शेजारीपाजारी हसत, टोमणे मारीत. पण नवराबायकोंनी तिकडे लक्ष दिले नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय उपचार वेळेवर मिळते, तर मूल वाचले असते, हा विचार त्या अल्पवयीन आईच्या मनात खोल रुतून बसला. त्या काळच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर येण्यास लाजत. दुखणे अंगावर काढीत आणि पुष्कळदा त्यातच मरत. स्त्रियांची दुखणी जाणणारी स्त्री डॉक्टर असेल, तर अशा कितीतरी माता व बालके वाचतील, हे आनंदीबाईंनी ओळखले. आपले दुःख कुरवाळीत न बसता त्यांनी त्यातून आपल्या आयुष्याचे ध्येय घडविले. आपण डॉक्टर व्हावयाचे, असा निश्चय त्यांनी केला.

पत्नीला अमेरिकेत शिकविता यावे, म्हणून गोपाळरावांनी तेथील एका मिशनऱ्यास पत्र लिहिले. धर्मांतर कराल तर साहाय्य मिळेल, असे सुचविण्यात आले. ते दोघांनाही मान्य झाले नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो एका दंतवैद्याकडे बसल्या असता वाचला. हजारो कोसांवरच्या या मुलीची शिकण्याची तळमळ पाहून त्यांचे अंतःकरण द्रवले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले आणि दोघींत मायलेकींसारखा स्नेह जडला.

या सुमारास आनंदीबाईंची प्रकृती ठीक राहत नव्हती. डोकेदुखी, ताप व अशक्तपणा यांनी त्या वारंवार बेजार होत. कार्पेंटरबाई अमेरिकेहून त्यांच्यासाठी औषधेही पाठवीत. अशा नाजूक प्रकृतीच्या मुलीने दूरच्या थंड देशात एकटीने जावे की नाही, हा प्रश्नच होता. परंतु आनंदीबाईंचा निश्चय ढळला नाही. परदेशगमन म्हणजे धर्म बुडविणे, असे मानणारे लोक त्यांच्यावर टीकेचा भडिमार करीत होते. बंगालमधील श्रीरामपूर येथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. देशाला स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी सांगितले आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे निःशंकपणे जाहीर केले. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीचे ते धैर्य पाहून श्रोते थक्क झाले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पती बरोबर नव्हते. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. ४ जून रोजी त्या न्यू यॉर्क येथे उतरल्या. कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे घरी नेले. त्या वर्षीच फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. १८५० साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी या मुलीची योग्यता जाणली आणि तिला शिष्यवृत्तीही मिळाली.

आता खरी कसोटी सुरू झाली. फिलाडेल्फियाचा हिवाळा अतिशय कडक. बर्फ पडे, दिवस लहान होत आणि सूर्य आकाशात फारसा वर चढत नसे. आनंदीबाईंना राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडी सदोष होती. ती पेटविली की खोली धुराने भरून जाई; न पेटविली तर थंडीने अंग काकडे. धूर की थंडी, एवढीच निवड त्यांच्या हाती होती. त्यांनी आपला पोशाख सोडला नाही आणि शाकाहारही सोडला नाही. परक्या देशात मनाजोगे अन्न मिळणे कठीण, त्यात अभ्यासाचा भार मोठा. दीड-दोन वर्षांत त्यांची प्रकृती खालावत गेली. अधूनमधून ताप येऊ लागला, खोकला मागे लागला. पुढे ज्याचे निदान झाले, तो क्षयरोगच होता.

क्षयरोग हा फार जुना रोग. तो एका सूक्ष्म जंतूमुळे होतो, हे जर्मनीतील रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी जगास सांगितले. म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघण्यापूर्वी एकच वर्ष. रोगी खोकला वा शिंकला की हे जंतू हवेत पसरतात आणि जवळच्या माणसाच्या श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. जंतू शिरला म्हणजे रोग झालाच, असे मात्र नाही. पुष्कळांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. उपासमार, अशक्तपणा किंवा दुसरे आजार यांनी शरीर दुबळे झाले म्हणजे तो डोके वर काढतो. त्या काळी शत्रू सापडला होता, पण त्याला मारणारे शस्त्र सापडले नव्हते. जंतूवर लागू पडणारे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी मिळाले.

तोवर वैद्यांचा भर मोकळी हवा, पौष्टिक अन्न आणि ऊन यांवर असे. युरोपात क्षयरोग्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजण्याचा प्रघात होता. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केला आणि १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२२ साली ‘ड’ जीवनसत्त्वाची ओळख पटली. कोवळ्या वयात हाडे बळकट होण्यास ते अत्यावश्यक असते. अंगावर ऊन पडले म्हणजे ते आपल्या त्वचेतच तयार होते आणि कॉड माशाच्या तेलातही ते भरपूर असते. शरीरातील पांढऱ्या पेशींना क्षयाच्या जंतूशी झुंजण्यास ते मदत करते, हेही नंतर दिसून आले. क्षयरोग्यांच्या रक्तात ते पुष्कळदा कमी आढळते.

हे वाचून वाटेल की, फिलाडेल्फियातील तो सूर्यहीन हिवाळा, अंगभर कपडे आणि शाकाहार यांमुळे आनंदीबाईंच्या शरीरात हे जीवनसत्त्व उणे पडले असावे आणि म्हणूनच रोग बळावला असावा. तर्क मोठा मोहक आहे. परंतु तर्क म्हणजे सिद्ध झालेले सत्य नव्हे. त्यांच्या हयातीत या जीवनसत्त्वाचे नावही जगास ठाऊक नव्हते. मग त्याचे प्रमाण कोण मोजणार? शिवाय रोगाने खंगलेला मनुष्य घरातच पडून राहतो व नीट जेवत नाही. त्यामुळेही त्याच्या रक्तातील हे जीवनसत्त्व घटू शकते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या मोजमापाने कळत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

असा प्रयोग मंगोलिया देशाच्या उलानबातर शहरी झाला. तेथील ६ ते १३ वर्षे वयाच्या ८,८५१ शाळकरी मुलांनी त्यात भाग घेतला. निम्म्या मुलांना तीन वर्षे दर आठवड्यास ‘ड’ जीवनसत्त्व दिले. उरलेल्यांना दिसावयास तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या गटातील मुलांच्या रक्तात जीवनसत्त्व वाढले. परंतु क्षयाच्या जंतूची लागण दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच झाली. याउलट आपल्या झारखंड राज्यात क्षयरोग्यांच्या घरातील सर्व माणसांना धान्य, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या पुरविल्या, तेव्हा त्या घरांत नवे रोगी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, असे २०२३ साली दिसून आले. म्हणजे एकच जीवनसत्त्व ही काही जादूची ढाल नव्हे. पोटभर व सकस अन्नाचे महत्त्व मोठे आहे. अंगावर ऊन घ्यावे, ते हाडांना हितकारक आहे. पण क्षयावर केवळ उन्हाचा भरवसा ठेवू नये.

आता पुन्हा आनंदीबाईंकडे वळू. शरीर खंगत असतानाही त्यांनी अभ्यासात खंड पडू दिला नाही. प्राचीन हिंदू लोकांचे प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही हजर होते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. या दोघींनी भारतीय स्त्रियांसाठी एक बंद दार उघडले.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद आनंदीबाईंना देऊ केले. ज्या दिवसाची त्यांनी सात वर्षे वाट पाहिली, तो जवळ येऊन ठेपला होता. परंतु १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या अंथरुणाला खिळलेल्या स्थितीतच. पूर्वी ज्यांनी निंदा केली, तेही आता त्यांचे कौतुक करू लागले होते. पुण्यात पुष्कळ उपचार झाले, पण गुण आला नाही. कोल्हापूरच्या त्या रुग्णालयात त्यांना एकाही रोग्याची नाडी पाहता आली नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे धाडली आणि त्या माउलीने ती न्यू यॉर्क राज्यातील पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

त्यांचे कार्य असे अपुरे राहिले. पण वाया गेले नाही. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. पुढे रखमाबाईंसारख्या स्त्रिया डॉक्टर झाल्या आणि स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्यभर राबल्या. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे आडनाव देण्यात आले आहे.

आनंदीबाईंना जे मिळाले नाही, ते आज आपल्या हाताशी आहे. भंडारा जिल्ह्यातील शहापूरसारख्या गावात एखाद्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटू लागले, तर सरकारी आरोग्य केंद्रात त्याची तपासणी विनामूल्य होते. रोग ठरलाच, तर औषधही विनामूल्य मिळते. साधारण क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. मात्र बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडता कामा नये. असे असूनही कित्येक घरी लाजेपोटी खोकला लपविला जातो. लाजेपोटी दुखणे लपविणाऱ्या स्त्रियांसाठीच आनंदीबाई सातासमुद्रापलीकडे गेल्या होत्या. घरातल्या आजारी माणसाचा हात धरून त्याला वेळीच डॉक्टरांकडे नेणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.

अभ्यास

१. आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय का केला?
२. फिलाडेल्फियात त्यांना कोणत्या अडचणी सोसाव्या लागल्या?
३. मंगोलियातील प्रयोगात मुलांचे दोन गट का केले असावेत?
४. तर्क आणि सिद्ध झालेले सत्य यांतील फरक पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.