हेलन केलर व त्यांचा गोतावळा

आंधळ्या व बहिऱ्या असूनही हेलन केलर पदवीधर झाल्या, त्यांनीं ग्रंथ लिहिले व देशोदेशीं व्याख्यानें दिलीं, हें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. परंतु ज्या माणसांच्या आधारानें हें आयुष्य उभें राहिलें, त्यांच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ज्या घरांत एखादें अपंग मूल असतें, तेथील आईबापांस एक प्रश्न रात्रंदिवस छळीत असतो : आपल्या मागें याचें कसें होणार ? तोच प्रश्न मनांत धरून हेलनबाईंचें चरित्र वाचावें, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म २७ जून १८८० रोजीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत टस्कंबिया या गांवीं झाला. त्या एकोणीस महिन्यांच्या असतां एका दुखण्यानें त्यांची दृष्टि व श्रवणशक्ति दोन्हीं हिरावून नेलीं. त्यामुळें बोलणेंही खुंटलें. घरच्या स्वयंपाकिणीची लहान मुलगी मार्था हिला मात्र हेलनच्या खुणा बरोबर समजत. या गोतावळ्यांतील पहिली सोबतीण ती मुलगीच होय.

हेलनच्या आईनें डिकन्सच्या प्रवासवर्णनांत लॉरा ब्रिजमन नांवाच्या आंधळ्या-बहिऱ्या मुलीस शिक्षण मिळाल्याची हकीकत वाचली होती. त्या आशेनें १८८६ सालीं तिला बॉल्टिमोर येथील नेत्रवैद्याकडे नेण्यांत आलें. त्यानें डॉ. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचें नांव सुचविलें, व बेल यांनीं बोस्टन येथील पर्किन्स अंधशाळेचा मार्ग दाखविला. त्या शाळेनें पाठविलेल्या अ‍ॅन सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजीं टस्कंबियास आल्या. त्यांचें वय तेव्हां अवघें वीस वर्षांचें होतें. त्यांचें बालपण अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रमांत गेलें होतें, व त्यांची स्वतःची दृष्टिही अधू होती. पर्किन्स शाळेंत असतांना, तेथेंच राहणाऱ्या लॉराबाईंशीं बोलतां यावें म्हणून त्या तळहातावर बोटांच्या खुणांनीं अक्षरें उमटविण्यास शिकल्या होत्या. हेलनसाठीं त्यांनीं आणलेल्या बाहुलीचे कपडे लॉराबाईंनींच शिवलेले होते. एकीस मिळालेला आधार दुसरीपर्यंत पोंचला तो असा. पुढें ५ एप्रिल रोजीं पंपाच्या धारेखालीं हेलनचा एक हात धरून बाईंनीं दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द लिहिला, आणि प्रत्येक वस्तूस नांव असतें हें त्या मुलीस उमगलें.

१८९६ सालीं वडील वारले, व शिक्षण पैशावांचून अडण्याची वेळ आली. तेव्हां मार्क ट्वेन यांनीं शब्द टाकला, आणि हेन्री रॉजर्स या धनिकानें खर्चाचा भार उचलला. बेल तर जन्मभराचे स्नेही झाले. महाविद्यालयांत सलिव्हनबाई शेजारीं बसून प्राध्यापकांचें व्याख्यान हेलनच्या हातावर उतरवीत. १९०४ सालीं हेलनबाई रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या.

येथवर सर्व भार मुख्यतः एकाच व्यक्तीवर होता. त्यांतील धोका १९१३ सालीं उघडा पडला. व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतां मेन संस्थानांतील बाथ या गांवीं हॉटेलांत सलिव्हनबाई एकाएकीं अत्यवस्थ झाल्या. जगप्रसिद्ध हेलनबाई त्यांच्याजवळच होत्या. पण त्यांना टेलिफोन करतां येईना, कीं वैद्यास शोधावयास जातां येईना. त्या प्रसंगानंतर, पूर्वीं नाकारलेलें अँड्र्यू कार्नेगी यांचें वर्षासन त्यांनीं स्वीकारलें. आणि १९१४ सालीं पॉली टॉमसन ही स्कॉटिश तरुणी मदतनीस म्हणून घरीं आली. बोटांची भाषा ती नंतर शिकली.

हा गोतावळा निर्दोष होता असें मात्र नाहीं. १९१६ सालीं हेलनबाईंनीं विवाहाचा बेत केला असतां घरच्या मंडळींनीं तो मोडला. आधार देणारास आपणच धनी आहों असें वाटूं लागतें, हें पालकांनीं विसरूं नये. तसेंच आधार एकाच बाजूनें वाहतो असेंही नाहीं. पुढें सलिव्हनबाईंची दृष्टि जवळजवळ पूर्ण गेली, तेव्हां त्यांना शिष्येचाच आधार झाला.

२० ऑक्टोबर १९३६ रोजीं सलिव्हनबाई निवर्तल्या. जवळजवळ पन्नास वर्षांचा हात सुटला. परंतु दुसरा हात आधींच हातांत होता. टॉमसनबाईंसह हेलनबाई १९३७ सालीं जपानला गेल्या, व १९५५ सालीं, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आपल्या हिंदुस्थानांतही येऊन गेल्या. १९५७ सालीं टॉमसनबाईंस अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या शुश्रूषेसाठीं आलेल्या परिचारिका विनिफ्रेड कॉर्बली या १९६० सालीं टॉमसनबाई वारल्यावरही हेलनबाईंची सोबत करीत राहिल्या. १ जून १९६८ रोजीं हेलनबाईंनीं देह ठेवला. वॉशिंग्टन येथील प्रार्थनामंदिरांत सलिव्हनबाई, टॉमसनबाई व हेलनबाई या तिघींच्या अस्थि एकत्र ठेवलेल्या आहेत.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, अपंग मुलाचा सारा भार प्रेमापोटीं एकट्यानें वाहूं नका. आपल्या हयातींतच भावंडें, आप्त, शेजारी व शिक्षक यांस त्याची भाषा व त्याच्या संवयी शिकवून ठेवा, म्हणजे एक हात सुटला तरी दुसरा जवळ असेल. आणि विद्यार्थ्यांनो, हें काम केवळ मोठ्यांचें आहे असें समजूं नका. खुणा ओळखणारी मार्था वयानें तुमच्याहूनही लहान होती. तुमच्या वर्गांत वा आळींत खेळावांचून बाजूस बसलेला एखादा सोबती असेल, तर आज सायंकाळींच त्याच्याजवळ जाऊन बसा.