विश्लेषण : वळू लेकींवरून पारखावा की रक्ताच्या थेंबावरून? मणिभाई देसाईंचे काम काय सांगते?

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या शेतीला दोन-तीन जनावरांची जोड असलेली कितीतरी घरे आहेत. गाय माजावर आली की रेतनाचा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. त्याचा निकाल मात्र जन्मलेली कालवड विऊन धार काढल्यावर, म्हणजे साधारण चार वर्षांनी कळतो. वळू चुकला तर तेवढ्या वर्षांचा चारा-ढेप वाया जातो. आता जिनोमिक चाचणीने वासरू लहान असतानाच वळू निवडता येतो. त्यावर किती विसंबावे, हे मणिभाई देसाई यांच्या कामावरून समजते.

मणिभाई कोण होते?
त्यांचा जन्म 1920 मध्ये सुरत जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेले मणिभाई 1942 च्या आंदोलनात उतरले आणि पुढे सेवाग्रामला गांधीजींकडे आले. 1946 मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गांधीजींनी त्यांच्यावर तेथील काम सोपवले. ते अखेरपर्यंत त्याच गावाचे राहिले. आश्रमाबरोबर त्यांनी गीर गायींचा कळप वाढवला आणि 1967 मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. 1968 मध्ये पद्मश्री आणि 1982 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. 1993 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी वेगळे काय केले?
लहान शेतकऱ्याला उत्तम वळू पाळणे परवडत नाही. म्हणून वळूऐवजी त्याचे रेत दारापर्यंत नेण्याची व्यवस्था मणिभाईंनी उभारली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला गोठवलेल्या कांड्या गावोगावी जाऊ लागल्या. होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या संकरातून दुधाळ कालवडी जन्मल्या. पण यात जोखीमही वाढली. गावचा वळू काही डझन गायींचे भवितव्य ठरवतो, तर गोठवलेल्या रेताचा वळू हजारोंचे. त्यामुळे वळूची पारख निर्णायक ठरली.

लेकींवरून पारख कशी होते?
वळू स्वतः दूध देत नाही. म्हणून त्याच्या अनेक लेकींचे दूध वेगवेगळ्या गोठ्यांत मोजतात आणि इतर वळूंच्या लेकींशी ताडून पाहतात. हीच संतती चाचणी. ती सर्वांत भरवशाची असते, पण गाभणकाळ, कालवडीची वाढ आणि पहिले वेत धरून सहा-सात वर्षे जातात. एका गोठ्यात दोनच गायी असतील, तर पुरेशा लेकींच्या नोंदी जमवायला शेकडो घरे फिरावी लागतात. बाएफसारख्या संस्थांनी गावपातळीवर हे कष्टाचे काम केले.

जिनोमिक चाचणीने काय बदलले?
वासराच्या रक्तातून किंवा केसांच्या मुळातून डीएनए घेऊन हजारो जनुकीय खुणा तपासतात. त्यावरून त्याच्या लेकी किती दूध देतील, याचा अंदाज बांधतात. यात वर्षे वाचतात. अमेरिकेत 2009 पासून होल्स्टीनसाठी ही पद्धत अधिकृत झाली. 5 ऑक्टोबर 2024 रोजी विदर्भातच, वाशिम येथे, देशी गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण झाले.

मग लेकींच्या नोंदी कालबाह्य झाल्या का?
नाही. कोणती खूण जास्त दुधाची, हे चिपला आपोआप कळत नाही. दूध मोजलेल्या हजारो गायींशी त्या खुणा जुळवाव्या लागतात. होल्स्टीनचा हिशेब गीर किंवा गवळाऊला जसाच्या तसा लागू होत नाही. ज्या जातीच्या नोंदी तोकड्या, तिचा अंदाजही कच्चा.

गोंदियाच्या पशुपालकाने काय करावे?
सिद्ध वळूचे रेत मिळाले तर ते घ्यावे. जिनोमिक निवडीचा तरुण वळू असेल, तर सगळ्या गायींना एकाच वळूचे रेत न देता दोन-तीन वळू वापरावेत. एखादा अंदाज फसला तरी सगळा गोठा फसत नाही. कांडीवरचा वळू क्रमांक लिहून ठेवावा, गायीला कानातला बिल्ला असावा आणि दूध मोजून नोंदवावे. मणिभाईंच्या काळात वळूची किंमत लेकींच्या दुधाने ठरत होती. आज चिपची किंमतही त्याच मापाने ठरते.