डॉ. होमी भाभा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा श्रीगणेशा

यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी तांत्रिक पण सर्वांना समजेल असे लिहावे, असा मंडळाचा आग्रह झाला. डॉ. होमी भाभा म्हटले की आपल्याला अणुशक्ती आठवते. मला मात्र त्यांची दुसरी बाजू सांगायची आहे.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर, आत्याचे यजमान सर दोराबजी टाटा. मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरचा पोलाद कारखाना सांभाळावा, अशी घरची इच्छा. मुलाचे मन भौतिकशास्त्रात. तरीही १९३० साली पहिल्या वर्गात इंजिनिअरिंग पूर्ण करून मगच ते आपल्या विषयाकडे वळले. (आम्हा डिप्लोमावाल्यांना हे वाचून जरा बरे वाटते!) १९३९ मध्ये सुट्टीवर आले, महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. आधी बंगळूर, मग १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था.

इकडे डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. तोवर विद्युत संकेत वाढवण्याचे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत. ते तापत, वीज खात, फुटत. ट्रान्झिस्टर आला आणि दिवाणखान्यातला लाकडी रेडिओ शेतकऱ्याच्या खांद्याला लटकू लागला. आपल्याकडे तर रेडिओचेच नाव ट्रान्झिस्टर पडले.

भाभांचा हट्ट असा की यंत्र विकत आणण्याआधी ते आपल्या माणसांनी बांधून पाहावे. १९५६ च्या ‘अप्सरा’ अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणाही अशीच घरी घडली. संगणकाचे काम त्यांनी आर. नरसिंहन यांच्या गटाला दिले. हे नरसिंहन आपल्या गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. फेब्रुवारी १९६० मध्ये संगणक पूर्ण झाला, पुढे त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते! आणि जग तोपर्यंत ट्रान्झिस्टरकडे सरकले होते. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून ट्रान्झिस्टरचा सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅक मागे पडला.

काहीजण याला वाया गेलेली मेहनत म्हणतील. मला ते पटत नाही. ज्याने स्वतः सोल्डरिंग केले आहे, त्यालाच बिघाड कुठे शोधायचा ते कळते. रेल्वेत हे रोज दिसते. शिवाय एकटे भाभाच मागे होते असेही नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ साली बनू लागले आणि लगेच १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. काळच तसा घाईचा होता.

१९६२ च्या चीन युद्धानंतर वायरलेस आणि रडारसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहणे किती महागात पडते ते कळले. १९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सर्व देशातच कसे बनेल, याचा आराखडा तिने केला. अहवाल १९६६ साली सादर झाला, पण भाभा तो पाहायला नव्हते. त्याच वर्षी २४ जानेवारीला व्हिएन्नाला जाताना त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. वय अवघे ५६.

१९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल सुरू झाली. तिची धुरा ए. एस. राव यांच्याकडे होती, भाभांच्याच इलेक्ट्रॉनिक्स गटातले. १९६९ साली तिथून टीडीसी-१२ हा संगणक बाहेर पडला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर.