लाजाळूचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरी या अंकासाठी जगदीशचंद्र बोस यांच्यावर लिहावेसे वाटले, त्याला कारण त्यांची शाळा. मी मराठी माध्यमात शिकलो. पी.यू.सी.च्या पहिल्या आठवड्यात उभे राहून इंग्रजीत उत्तर देताना माझे पाय लटपटत होते आणि मागचा बाक हसत होता. त्याच सुमारास बोसांचे चरित्र हाती लागले.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आजच्या बांगलादेशातील मयमनसिंह येथे त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. अशा हुद्द्याची माणसे मुलांना इंग्रजी शाळेत घालीत. भगवानचंद्रांनी मुलाला बंगाली शाळेत घातले. वर्गात त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. हाच मुलगा पुढे केंब्रिजला शिकला.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्याच कामाला भारतीयांचा पगार युरोपियनांपेक्षा कमी! बोसांनी तीन वर्षे पगार घेतलाच नाही, शिकवणे मात्र चालू ठेवले. अखेर सरकारने पूर्ण दराने मागची थकबाकी दिली. तीही वडिलांचे कर्ज फेडण्यात गेली. ताळेबंद मांडायला शिकणाऱ्या मला हा व्यवहार फार आवडतो.

बिनतारी लहरींवरचे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. पुढे ते वनस्पतींकडे वळले. लाजाळूच्या एका पानाला इजा झाली की दूरची पानेही मिटतात. हा निरोप विजेच्या स्पंदनाने जातो, प्राण्यांच्या मज्जातंतूंत जातो तसाच, असे त्यांचे म्हणणे. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांना एका पदार्थविज्ञानवाल्याची ही लुडबूड रुचली नाही. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापला नाही. बोसांनी भांडत बसण्यापेक्षा कलकत्त्यातल्या कारागिरांकडून उपकरणे घडवून घेतली. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यातलाच. १९१७ मध्ये बोस इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९२० मध्ये त्याच सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले.

मात्र सगळेच जमेच्या बाजूला लिहिता येणार नाही. झाडाला मज्जातंतू नसतात. आणि १९१६ मध्ये रिक्का नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने खोड कापून मध्ये पाण्याची नळी जोडली, तरी निरोप पलीकडे पोचला! म्हणजे काहीतरी रसायनही वाहत होते. बोसांना हे पटले नाही. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते वारले तेव्हा वाद तसाच होता.

तो पुष्कळसा मिटला तो आपल्या काळात. २०१३ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपात असे दिसले, की जखमेचा विजेचा निरोप दूरच्या पानापर्यंत जायला पेशींच्या पडद्यातली काही प्रथिने लागतात. ती आपल्या मेंदूतल्या ग्लुटामेट ओळखणाऱ्या प्रथिनांच्या नात्यातली आहेत. निरोप पोचला की पानात जॅस्मोनेट हे संप्रेरक तयार होते. एरवी ‘जॅझ’ नावाची प्रथिने संरक्षणाच्या जनुकांवर कुलपासारखी बसलेली असतात. संप्रेरक आले की पेशी ही कुलपेच मोडीत काढते आणि झाड किडीविरुद्ध तयारीला लागते. २०२३ मध्ये रिक्काचा वाहणारा पदार्थही याच रोपात सापडला. तोही एक प्रथिनच निघाला, आणि तो विजेचाच निरोप उठवतो. दोघांच्याही खात्यावर काही ना काही जमा झाले.

लाजाळूचे स्वतःचे पान का मिटते? देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशी पाणी सोडतात म्हणून. २०२२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, की पान मिटू न शकणारी लाजाळू नाकतोडे जास्त खातात.

कन्नडमध्ये तिला ‘मुट्टिदरे मुनि’ म्हणतात, म्हणजे शिवले की रुसणारी. आपण तिला लाजवतो, कन्नड शेजारी रुसवतो. यंदा पावसाळ्यात वाटेवरच्या एका रोपाचे टोकाचे पान मी चिमटले आणि घड्याळ लावून बसलो. शेवटचे पान मिटेपर्यंत माझी बस गेली होती.