एक्सप्लेनर : आजीच्या कहाण्यांना चित्रे देणारे रावबहादूर धुरंधर कोण होते?

हिंगोली : दिव्यांची अवस, नागपंचमी, श्रावणी सोमवार, शुक्रवारची जिवती. या दिवसांत हातात तांदूळ धरून कहाणी ऐकण्याची पद्धत मराठी घरांत जुनी आहे. याच कहाण्यांचे सचित्र पुस्तक ११० हून अधिक वर्षांपूर्वी थेट लंडनहून निघाले होते, हे मात्र फार कमी जणांना माहीत असते. त्यातील चित्रे एका मराठी चित्रकाराची होती. त्यांचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर.

कोल्हापूर ते जेजे

धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरचा. जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १८९६ पासून ते तिथेच शिकवू लागले आणि १९१० मध्ये मुख्याध्यापक झाले. १९३० मध्ये त्यांनी काही काळ संचालकपद सांभाळले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. या प्रवासाची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या मराठी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

ते पुस्तक कोणते?

'डेक्कन नर्सरी टेल्स'. १९१४ मध्ये मॅकमिलन कंपनीने ते प्रसिद्ध केले. लेखक होते मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी सी. ए. किनकेड. द. ब. पारसनीस यांच्यासोबत मराठ्यांचा इतिहास लिहिणारे किनकेड ते हेच. पुस्तकात वारांच्या कहाण्या आहेत, नागोबा आहे, सोमा परटीण आहे. आपल्यावर खोटा आळ घेणाऱ्या सुनेवर सूड उगवणारे उंदीर आणि शेवटी तिचे निर्दोषत्व सांगणारे दिवेही आहेत. किनकेड यांनी पुस्तक आपल्या लहान मुलाला, डेनिसला अर्पण केले. याच डेनिसने मोठेपणी शिवाजी महाराजांवर 'द ग्रँड रिबेल' हे चरित्र लिहिले.

धुरंधरच का महत्त्वाचे?

त्या काळी इंग्लंडमध्ये मुलांच्या चित्रमय पुस्तकांची मोठी बाजारपेठ होती. भारतावरच्या पुस्तकांना चित्रे बहुधा इंग्रज चित्रकारांची असत. जेजेमध्ये आधी शिकवून गेलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी मुलगा रुडयार्ड यांच्या 'द जंगल बुक'साठी चित्रे काढली, हे त्याचेच उदाहरण. धुरंधर मात्र या कहाण्या सांगणाऱ्या घरांतलेच होते. नऊवारीचा काष्टा कसा बसतो, डोक्यावरचा पदर कसा सावरतात, पूजेची मांडणी कशी असते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. म्हणून त्यांच्या चित्रांतल्या बायका नटवलेल्या बाहुल्या वाटत नाहीत, शेजारच्या घरातल्या वाटतात.

अर्थात पुस्तक इंग्रजीत होते. ज्या घरांत या कहाण्या रोज सांगितल्या जात, तिथल्या बहुतेक मुलांना ते वाचता येण्यासारखे नव्हते. आपलीच गोष्ट आणि आपलीच चित्रे असूनही पुस्तक परक्या मुलांच्या हाती जास्त गेले.

नाव मागे का पडले?

धुरंधर यांनी भरपूर काम केले. रवि वर्मा छापखान्यासाठी चित्रे, मुंबईच्या जनजीवनावरची पोस्टकार्डे, एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे'सारख्या पुस्तकांतील चित्रे, शिवाय नवी दिल्लीतील सचिवालयाची भित्तिचित्रे. पण पोस्टकार्ड टपालात जाते, छापील चित्र भिंतीवर जुने होते, पुस्तक हाताळून फाटते. लोकांच्या लक्षात चित्र राहते, चित्रकार राहत नाही. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या. वडिलांच्या कामाचा वारसा त्यांनी जपला.

आज कुठे पाहता येईल?

भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे धुरंधर यांची चित्रे २००५ पासून सर्वांसाठी खुली आहेत. 'डेक्कन नर्सरी टेल्स' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत असून मोबाइलवरही उघडते. यंदा दिव्यांच्या अवसेला कहाणी सांगताना मुलांना ही चित्रे दाखवता येतील.

व्हॉट्सअॅपवर जुन्या मुंबईचे किंवा नऊवारीतल्या बाईचे रंगीत चित्र आले, तर पुढे पाठवण्याआधी त्याचा कोपरा एकदा मोठा करून पाहावा. तिथे धुरंधरांची सही असू शकते. फोटो कापताना सर्वांत आधी जातो तो हाच कोपरा.