सोमेश्वर तिसरा
सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ: इ.स. ११२६ ते ११३८) हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा आणि संस्कृत ग्रंथकार होता. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञचक्रवर्ती ही त्याची बिरुदे होत. मानसोल्लास किंवा अभिलषितार्थचिंतामणी या त्याच्या ग्रंथात राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत आणि संगीतापासून मृगयेपर्यंत अनेक विषयांचे विवेचन आहे. बाराव्या शतकातील दख्खनच्या जीवनाचा अभ्यास करताना हा ग्रंथ प्रमुख साधन मानला जातो.

पार्श्वभूमी
सोमेश्वर हा सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र होय. विक्रमादित्याने सुमारे पन्नास वर्षे राज्य केले आणि चालुक्य विक्रम शक सुरू केला. विक्रमांकदेवचरिताचा कर्ता बिल्हण आणि मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हे त्याच्या आश्रयाला होते. विद्वानांचा वावर असलेल्या या दरबारात सोमेश्वराची जडणघडण झाली. चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण होय. ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिचा संबंध नाही.

राजवट
सोमेश्वर इ.स. ११२६च्या सुमारास गादीवर आला. त्याच्या काळातील कोरीव लेखांत भूलोकमल्ल वर्ष अशी कालगणना आढळते. दिग्विजयाचे मोठे दावे लेखांमध्ये असले, तरी प्रत्यक्षात साम्राज्याच्या कडा ढिल्या होऊ लागल्या होत्या. दक्षिणेत होयसळ राजा विष्णुवर्धन जवळजवळ स्वतंत्रपणे वागू लागला आणि पूर्वेकडील वेंगीचा प्रदेश चोळांकडे गेला. पित्याच्या तुलनेत सोमेश्वराची कीर्ती रणांगणापेक्षा ग्रंथरचनेवर अधिक उभी आहे. पित्याच्या चरित्रावरील विक्रमांकाभ्युदय हा अपूर्ण गद्यग्रंथही त्याच्या नावावर आहे.

मानसोल्लास
मानसोल्लासाची रचना इ.स. ११२९च्या सुमारास झाली. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत; म्हणून भागांना विंशती म्हणतात. राज्य मिळवणे, मिळवलेले राज्य स्थिर करणे, उपभोग, विनोद आणि क्रीडा असा त्यांचा क्रम आहे. अन्नभोगाच्या प्रकरणात मांड्यांसारख्या पदार्थांबरोबर भाजलेल्या रानडुकराची कृतीही सांगितली आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महत्त्वाची ठरली आहे.

मृगया आणि धनुर्विद्या
विनोदांच्या भागात शस्त्रविद्या, ससाण्याने केलेली शिकार, मासेमारी आणि मृगया यांना स्वतंत्र स्थान आहे. मृगयेचे अनेक प्रकार सांगितले असून त्यांपैकी बरेचसे हरणांच्या शिकारीचे आहेत. पाणवठ्यापाशी दबा धरणे, शिकवलेल्या हरणाच्या साहाय्याने रानातील हरणांना जवळ आणणे आणि माणसाळवलेले चित्ते सोडणे या पद्धती त्यात येतात. चित्त्यांकरवी शिकार करण्याच्या भारतातील सर्वांत जुन्या वाङ्मयीन नोंदींमध्ये या वर्णनाची गणना होते.

या पद्धतींमागील कारण धनुष्याच्या मर्यादेत आहे. बाण आघाताच्या जोराने जनावर पाडत नाही. पात्याची धार शरीरात खोल जाऊन रक्तस्राव घडवते. त्यामुळे बाणाचे फळ, म्हणजे टोकाचे लोखंडी पाते, कसे आहे यावर शिकारीचे यश अवलंबून असते. रुंद पाते मोठी जखम करते, परंतु कातडी आणि स्नायू कापताना त्याचा जोर लवकर ओसरतो. बेताच्या ताकदीच्या धनुष्याने ते सोडल्यास जखम उथळ राहण्याचा संभव असतो. सुईसारखे टोक सहज घुसते, पण त्याची जखम अरुंद असते. रक्ताचा माग फारसा पडत नाही आणि हरीण दूर जाऊन हाती लागत नाही. अशा धनुष्याला लांबट, बेताच्या रुंदीचे, दुधारी आणि उत्तम धार लावलेले पाते व त्याला साजेशी वजनदार काठी अधिक उपयोगी पडते. हलक्या बाणापेक्षा जड बाणाचा वेग कमी असतो, परंतु तो अधिक खोल जातो.

संस्कृत धनुर्वेदाच्या परंपरेत हा विचार फळांच्या नावांतूनच दिसतो. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड असे दहा प्रकार दिले आहेत. आरामुख हे चर्मकाराच्या आरीसारखे, तर क्षुरप्र हे वस्तऱ्याप्रमाणे कापणारे असते. प्रत्येकाचे काम वेगळे होते. चिलखत भेदणारे फळ आणि उघड्या अंगावर चालणारे फळ एकच नसे.

पाते कितीही योग्य असले, तरी दूरवरून सोडलेला बाण पोहोचेपर्यंत सावध हरीण जागा सोडते. म्हणून अंतर कमी करणे हाच धनुर्धराचा खरा प्रश्न असे. पाणवठ्यावरील दबा आणि शिकवलेले हरीण ही दोन्ही त्याची उत्तरे होत. या विद्येचा पाया जनावरांच्या सवयी, वाऱ्याची दिशा आणि रानातील वाटा ओळखणाऱ्या व्याधांच्या अनुभवात होता. ग्रंथात राजा हा शिकारी असला, तरी असे ज्ञान रानात राहणाऱ्यांकडूनच येऊ शकते. एरवी तोंडी राहिले असते असे हे कसब सोमेश्वराच्या ग्रंथामुळे लिखित परंपरेत आले.

नाशिक परिसराशी संबंध
सोमेश्वराच्या काळात नाशिकचा परिसर सेउणदेशात मोडत असे. तेथे यादव घराणे चालुक्यांचे सामंत म्हणून राज्य करी आणि सिन्नर हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे होते. सोमेश्वराच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांनी, शके १०६३ मध्ये, कोरलेला अंजनेरीचा लेख यादव सेउणदेवाचा असून त्यात जैन मंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे.

मृत्यू आणि वारसा
इ.स. ११३८ मध्ये सोमेश्वराची राजवट संपली. त्याच्यानंतर दुसरा जगदेकमल्ल आणि मग तिसरा तैलप हे गादीवर आले. तैलपाच्या काळात कलचुरी बिज्जलाने कल्याणीची सत्ता बळकावली. चालुक्यांनी ती काही काळ परत मिळवली. परंतु बाराव्या शतकाच्या अखेरीस एकेकाळचे सामंत असलेल्या यादवांपैकी पाचव्या भिल्लमाने कल्याणी घेतली आणि देवगिरीचे स्वतंत्र राज्य उभे केले.

साम्राज्य लयाला गेले, ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून टिकला. जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली मानसोल्लासाची आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिला खंड १९२५ मध्ये आला. त्यात वर्णिलेली मृगया आता इतिहासजमा आहे. भारतातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष घोषित झाला आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीवर बंदी आली. नाशिक जिल्ह्यातील येवला तालुक्यात ममदापूर येथे काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वन्यजीवांच्या अभ्यासकांना आज मानसोल्लास उपयोगी पडतो तो शिकारीसाठी नव्हे, तर आठ-नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या माळरानात कोणते प्राणी होते आणि माणसाचा त्यांच्याशी कसा संबंध होता, हे जाणून घेण्यासाठी.